थकलेला रोजमुरा

दसऱ्याला आपण आपट्याची पाने एकमेकांच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, सोने घ्या. काही घरांत अजूनही 'सोने लुटायला जायचे' असाच शब्द आहे. शिलंगण म्हणजे एकेकाळी फौजा बाहेर पडण्याचा मुहूर्त, हे शाळेत सगळ्यांनीच ऐकलेले असते. या मुहूर्तामागचे कारण देवाधर्माचे कमी आणि शेतीचे जास्त होते. पाऊस ओसरलेला, नद्यांना उतार मिळालेला, वाटा वाळलेल्या आणि मुलखात पीक एकतर उभे किंवा खळ्यावर. घोड्याला चारा आणि माणसाला दाणे वाटेतच मिळतील या अंदाजावर मुलूखगिरी निघे आणि मृगाच्या आत माघारी येई.

या चित्रात एक माणूस कधी दिसत नाही. दसऱ्याच्या दोन महिने आधी, भर श्रावणात, तो पुण्यातल्या एखाद्या वाड्यात गादीला टेकून बसलेला असतो. फौज निघायची तर स्वाराला आधी नालबंदी द्यावी लागे. नालबंदी म्हणजे घोडा आणि स्वार मोहिमेला तयार व्हावा म्हणून दिलेली आगाऊ रक्कम. ही रक्कम पावसाळ्यात मोजायची आणि सरकारचा वसूल येणार पीक निघाल्यावर. मधले अंतर गादीवरचा तो माणूस भरून काढी, व्याज लावून. घोड्याला नाल ठोकला जाण्याआधी कर्जरोख्यावर सही झालेली असे.

या पुस्तकाचा विषय हेच मधले अंतर आहे.

मराठ्यांच्या युद्धांच्या पैशाबद्दल आपल्याकडे बोलणे निघाले की गाडी लगेच लुटीवर जाते. एक बाजू म्हणते लुटारू, दुसरी बाजू चिडून म्हणते मुळीच नाही, आणि दोन्ही बाजू १६६४ आणि १६७० च्या सुरतेवर तासभर भांडतात. हिशेबाच्या नजरेने पाहिले तर लूट हे अगदीच बेभरवशाचे उत्पन्न आहे. ती एकदाच मिळते. सरकारात जमा होण्याआधी वाटेत झिरपते. आणि सुरत रोज सापडत नाही. तिच्यावर हजारो स्वारांचा दरमहाचा खर्च कोणी बेतू शकत नाही. अठराव्या शतकातली मराठी सत्ता उभी होती ती चौथाई आणि सरदेशमुखीवर, आणि त्यांचे व्याकरण समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या सनदा घेऊन आला. मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा चौथाईचा आणि त्यावर दहा टक्के सरदेशमुखीचे. सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईची वाटणी मात्र पाहण्यासारखी आहे. शंभरातले २५ राजबाबतीचे, ६ साहोत्रा म्हणून पंत सचिवांचे, ३ नाडगौडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीचे आणि उरलेले ६६ मोकासा म्हणून सरदारांचे. सरदाराने त्या ६६ मधून फौज ठेवायची आणि त्याच फौजेच्या जोरावर शंभरच्या शंभर वसूल करायचे. एखाद्या कंपनीने आपल्या वसुली एजंटांना दोन तृतीयांश दलाली द्यावी आणि कचेरीचा खर्च उरलेल्यात भागवावा, तसा हा प्रकार. एजंट जोमाने धावतात यात शंका नाही. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड नर्मदेपलीकडे किती लांब धावले ते आपण जाणतोच. पण काही वर्षांनी एजंटाची पेढी कचेरीपेक्षा मोठी होते.

शिवाजी महाराजांचा कल याच्या उलट होता. शक्यतो रोख वेतन, आणि मुलूख तोडून देण्याला नाखुशी. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा खजिन्यात काही नव्हते आणि पलीकडून औरंगजेब मनसबी आणि जहागिऱ्या दाखवत होता. देण्यासारखे एकच उरले होते: अजून जिंकायचे असलेल्या मुलखाची सनद. ती देऊन लढाई तगवली. निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे. पण भविष्यातला वसूल आज वाटून टाकायची सवय तेव्हा जी लागली ती १८१८ पर्यंत सुटली नाही.

थोडे स्वतःबद्दल सांगतो, कारण हा विषय माझ्याकडे इतिहासाच्या वाटेने आलेला नाही. माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचे काही महिन्यांचे पगार आणि ग्रॅच्युइटी अडकली. दर एक तारखेला ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत येणे रकमेचा आकडा मांडत, व्याजासकट. गिरणीने व्याज कधी कबूल केले नव्हते. ते वडिलांनी स्वतःच ठरवले होते, शेकडा १२. आई म्हणायची, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तरी वही चालूच. पुढे मी बँकेत लागलो, निवृत्तीनंतर हौसेने मोडी शिकलो, आणि पेशवे दप्तरातले कागद लावायला लागलो तेव्हा लढायांच्या वर्णनांआधी माझे लक्ष गेले ते एका शब्दाकडे: 'बाकी'. जमा, खर्च, बाकी. मागील बाकी, देणे बाकी, रोजमुरा बाकी. रोजमुरा म्हणजे शिपायाचे वेतन. निळ्या वहीतली कितीतरी पाने मला मोडीत लिहिलेली दिसू लागली.

तेव्हापासून माझी समजूत अशी झाली आहे की मराठ्यांच्या युद्धांना सर्वांत मोठे कर्ज सावकारांनी दिले नाही. ते शिपायांनी दिले, न विचारता आणि बिनव्याजी, आपला पगार थकू देऊन. त्या खालोखाल रयतेने. सावकार तिसऱ्या नंबरावर येतो. बोभाटा त्याचाच झाला, कारण त्याच्याकडे लेखी रोखा होता.

शिलेदाराचेच घ्या. बारगिराला घोडा सरकारी पागेतला मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि त्याप्रमाणे त्याचे वेतन जास्त असे. घोडा हीच त्याच्या घरातली सर्वांत महाग वस्तू, त्याचे भांडवल, त्याची अब्रूही. तो मेला की शिलेदार त्या दिवशी बारगीर होतो, किंवा घरी परततो. मग तोफांच्या तोंडावर सरळ घोडा घालायला हा माणूस का तयार होईल? शत्रूची रसद तोडणे, बगल मारणे, उशिरा भिडणे आणि लवकर निसटणे या गनिमी काव्याच्या पद्धतीचे श्रेय आपण सह्याद्रीला आणि सेनापतींच्या कल्पकतेला देतो. ते आहेच. पण घोड्याची जोखीम ज्याच्या गळ्यात, तो लढाईही घोडा वाचवूनच करणार, एवढे साधे कारणही त्यात आहे. इब्राहिमखानाच्या गारद्यांचे तसे नव्हते. त्यांना बंदूक होती, कवायत होती आणि दरमहा रोख पगाराचा करार होता. पानिपतावर ही दोन अर्थशास्त्रे एकाच रांगेत उभी होती, आणि त्यांचे एकमेकांशी जमले नाही.

पानिपतावर आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की मी फक्त पैशापुरते बोलतो. १७६० च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली आणि लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. सुमारे ९ लाख रुपये झाले. या कृत्यावर पुष्कळांनी नाके मुरडली आहेत, सूरजमल जाटासकट. मला त्यात उर्मटपणापेक्षा ओढाताण दिसते. उत्तरेतला वसूल गोविंदपंत बुंदेल्यांनी पाठवायचा होता आणि तो पुरेसा येत नव्हता. भाऊंची त्यांना गेलेली पत्रे वाचली की एखाद्या शाखा व्यवस्थापकाला मुख्य कचेरीतून जाणारे तगादे आठवतात. सूर दर पत्राला चढत जातो. नऊ लाखांत अशा फौजेचा जेमतेम महिना निघतो. पुढे डिसेंबरात गोविंदपंतच मारले गेले, रसद तुटली, आणि फौजेबरोबर आलेले यात्रेकरू, बायका-मुले, बाजारबुणगे धरून लाखाच्या वरचा जमाव उपाशी बसला. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली त्याला युद्धनीतीतले कोणतेही नाव द्या. छावणीत धान्य संपले होते.

मग ते प्रसिद्ध पत्र. नर्मदेच्या बाजूला वाटेत असलेल्या नानासाहेबांच्या हाती एका सावकाराचा निरोप लागला आणि त्यात पराभवाची बातमी नाण्यांच्या भाषेत होती. दोन मोती गेले, काही मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार, हे आपण सगळे शिकलो. खुर्द्याचे नाव कोणी विचारत नाही. मला मात्र या पत्राचे खरे आश्चर्य वेगळेच वाटते: पेशव्याला बातमी हरकाऱ्याच्या आधी पेढीच्या डाकेने कळली. ज्यांचा पैसा अडकलेला असतो त्यांची डाक नेहमी वेगाने धावते.

कर्ज हे पेशवे घराण्याला जन्मापासून चिकटलेले होते. थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत देणेकऱ्यांच्या जाचाचे जे रडगाणे आहे, ते वाचताना हाच माणूस वीस वर्षांत एकही लढाई हरला नाही यावर विश्वास बसत नाही. स्वामी स्वतःच एक धनको होते, ही त्यातली गंमत. थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला मृत्युशय्येवर कारभाऱ्यांसाठी नऊ कलमांची यादी केली. कर्ज फेडावे हे त्यातले एक कलम होते. यशस्वी राज्यकर्त्यांचीही ही स्थिती. जिंकल्याने कर्ज फिटते हा समज चुकीचा आहे, कारण जिंकलेली रक्कम बहुधा कागदावरच राहते. १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम हरला आणि त्याने ३ कोटींचा करार केला. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, पुण्यात वारसाचा गोंधळ माजला, आणि त्या ३ कोटींचा मोठा भाग कधी पुण्याला पोचलाच नाही. लढाईचा खर्च मात्र रोख झालेला होता.

थकबाकीचे यंत्र कसे फिरते हे पाहायचे तर बडोद्याला जावे. गायकवाडांकडे अरबांची फौज होती. तिचा पगार थकला. फौज महाग पडते म्हणून काढायची, तर आधी मागची बाकी चुकती करावी लागते. ती द्यायला पैसे नाहीत, म्हणून फौज ठेवायची. ठेवली म्हणजे पुढच्या महिन्याची बाकी चढते. शिवाय सावकार सरकारला कर्ज द्यायला एकटा तयार होईना. सरकारच्या शब्दाला जामीन हवा. जामीन राहिले तेच अरब जमादार. याला बहांदरी म्हणत. म्हणजे ज्यांचे देणे थकले आहे, त्यांच्याच तलवारीच्या हमीवर सरकार नवे देणे करत होते. शहराचे दरवाजेही त्यांच्याच ताब्यात. बँकेत असताना असे एक कर्जखाते माझ्या टेबलावर आले असते तर मी ते वाचून दुपारी रजा टाकली असती. १८०२ मध्ये इंग्रज आले, सावकारांच्या मदतीने अरबांची बाकी चुकती केली, न जाणाऱ्यांवर फौज घातली आणि ती बहांदरी स्वतःकडे घेतली. बडोद्याचे राज्य जिंकावे लागले नाही. त्याचा जामीन बदलला.

पुण्यात हेच नाटक जास्त रक्तबंबाळ झाले. दुसऱ्या बाजीरावांनी गादीसाठी दौलतराव शिंद्यांना २ कोटी कबूल केले होते. ते नव्हते. शिंद्यांची फौज पुण्याच्या वेशीवर पगारासाठी खोळंबलेली. शेवटी दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना शहरातूनच वसूल करायची मोकळीक मिळाली, आणि १७९८ मध्ये पुण्याच्या श्रीमंतांना, कारभाऱ्यांना, पेढीवाल्यांना कोंडून, मारून, तापलेल्या तोफांना बांधून पैसे काढले गेले. चौथाईची पद्धत फिरून आपल्याच दारात आली होती.

आपण ज्यांच्यावर ती वसूल केली त्यांच्या आठवणीही इथे काढायला हव्यात. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालवर वर्षामागून वर्ष जात होते. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने सालीना १२ लाख चौथाई कबूल केली तेव्हा ते थांबले. मराठी इतिहासात हा एक किफायतशीर तह आहे. बंगाली घरांत त्याची एक अंगाई झाली. मूल निजवताना अजूनही तीत बर्गी येतात आणि सारा कशातून भरायचा याची चिंता येते. 'बर्गी' म्हणजे आपला बारगीर. ज्याच्याकडे स्वतःचा घोडासुद्धा नव्हता आणि ज्याचा पगार बहुधा थकलेला होता, तो माणूस तिकडे बागुलबुवा होऊन बसला आहे.

इंग्रजांचे काय? त्यांच्याकडे शौर्य जास्त होते असे आता कोणी म्हणत नाही. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफांनी आर्थर वेलस्लीच्या फौजेची काय अवस्था केली ते त्यानेच पुढे आयुष्यभर सांगितले. शस्त्रेही शिंद्यांची तोडीस तोड होती. फरक एक तारखेचा होता. १७६५ पासून बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीकडे होती, आणि तिचा शिपाई बराचसा ठरल्या दिवशी पगार घेई. मुंबई इलाखा तोट्यात होता. तो बंगालच्या पैशावर चाले, आणि तो पैसा हुंड्यांनी, सुरतेच्या सराफांच्या पेढ्यांवरून मुंबईला येई. सुरतेने शिवाजी महाराजांना दोनदा नाइलाजाने पैसे दिले होते. सव्वाशे-दीडशे वर्षांनी तिने कंपनीला खुशीने दिले, कारण कंपनी व्याज वेळेवर देई. कंपनीही कर्जात बुडालेली होती. गव्हर्नर-जनरल वेलस्लीला १८०५ मध्ये परत बोलावण्यामागे वाढलेले कर्ज हे एक कारण होते. पण तिच्या कर्जरोख्याला बाजारात गिऱ्हाईक होते आणि आपल्या वरातीला, म्हणजे वसुलावर काढलेल्या हुकमाला, नव्हते. १८०३ मध्ये कंपनीने शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना जाहीर निमंत्रण दिले: निघून या, तुमची सोय करतो. पुष्कळ गेले. सेनापती पेरॉन फ्रेंच, तोही युद्ध ऐन भरात असताना आपली माया घेऊन चालता झाला. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने त्या लढ्याला भाडोत्री फौजेच्या बाजारावर ताबा मिळवण्याची लढाई म्हटले आहे, आणि मला ते पटते. वसईच्या तहाकडे पाहा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी ६ हजारांची इंग्रजी फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी सालीना २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. पगार थकण्याचा प्रश्न कायमचा सुटला. ती फौज आता आपली नव्हती, इतकेच.

त्याच दोन वर्षांत, १८०३-०४ मध्ये, दख्खनेत दुष्काळ पडला. पाऊस कमी झाला हे खरे; पण होळकर आणि पेंढारी ज्या वाटेने गेले तिथे पेरायला बी आणि ओढायला बैल उरला नव्हता. पेंढाऱ्यांना पगार नसेच. उलट लुटीतला हिस्सा तेच सरदाराला देत. सरकारच्या वहीत ही फौज फुकट दिसते. तिचा पगार नगर आणि खानदेशातल्या गावांनी भरला, आणि त्याची पावती कोणत्याच दप्तरात नाही.

तरी दप्तर अगदीच निर्दय नव्हते. लढाईत पडलेल्याच्या मुलांना बाळपरवेशी म्हणून काही जमीन, काही धान्य लावून दिल्याच्या नोंदी भेटतात. अशी नोंद आली की मी थांबतो. एवढाच काय तो खुर्द्याला चेहरा मिळतो.

वाचकासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. रकमांचे आजच्या रुपयांत रूपांतर मी कुठेही केलेले नाही. त्या काळी डझनावारी प्रकारचे रुपये चालत, एकावर दुसऱ्याचा बट्टा बसे, आणि तो मोजायला सराफ लागे. आज तो आकडा नुसता कोटींत सांगून काही कळणार नाही. त्याऐवजी शक्य तिथे किती स्वारांचा किती महिन्यांचा खर्च, असे माप वापरले आहे. आणि सेनापतींच्या व्यूहरचनांची चित्रे शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. ती इतरत्र भरपूर आहेत.

पहिले प्रकरण लढाईचे नाही. ते चिपळूणजवळच्या एका छावणीत सुरू होते, १६७० च्या दशकात, पावसाळा तोंडावर असताना. तिथल्या लष्करी अंमलदारांना शिवाजी महाराजांचे एक पत्र गेले आहे. दाणा आणि गवत आताच उधळाल तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, भाजी उचलायला लागाल, आणि ते म्हणतील यापेक्षा मोगल बरे. इथपर्यंत कोणत्याही शहाण्या राजाने लिहिले असते. पुढे मात्र महाराज आणखी खाली वाकतात, अगदी जमिनीपर्यंत. गंजीशेजारी आगटी पेटवू नका. रात्री दिवा जळता ठेवून निजू नका. उंदीर येईल, जळती वात तोंडात धरून नेईल, आणि गवताला लागेल.